तसबिरींच्या चौकटी तयार करणाऱ्या दुकानातील नमुन्यांची मांडणी : स्वरूप, तत्त्वे आणि ग्राहकहित

गोषवारा :
मागणीनुसार तसबिरीची चौकट तयार करून देणे हा लहान शहरांतून व मोठ्या खेड्यांतून चालणारा एक जुना व्यवसाय आहे. या व्यवसायात ग्राहकाला तयार वस्तू पाहावयास मिळत नाही. त्याला केवळ पट्टी, माउंट व काच यांचे नमुने दिसतात आणि त्यांच्या आधारे तो निर्णय घेतो. त्यामुळे नमुन्यांची मांडणी हा सजावटीपुरता मर्यादित विषय राहत नाही. ग्राहकाला मिळणारी माहिती, द्यावी लागणारी किंमत आणि चौकटीत बसविलेल्या छायाचित्राचे आयुष्य या तिन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या मांडणीची तत्त्वे, तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी व कायदेशीर बाजू यांचे विवेचन करून ग्रामीण भागातील लहान दुकानासाठी व्यवहार्य पद्धत सुचविली आहे.

बीजशब्द : चौकट, पट्टी, नमुना, माउंट, मांडणी, ग्राहकहित, छायाचित्र-जतन.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही घरात प्रवेश केला असता समोरच्या भिंतीवरील तसबिरी प्रथम दृष्टीस पडतात. वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात वसलेले धनज आणि त्याच्या परिसरातील गावे यास अपवाद नाहीत. कुठे शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर असते, कुठे गाडगे महाराज व तुकडोजी महाराज असतात, कुठे भगवान बुद्ध व डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तर बंजारा तांड्यांतील घरांत पोहरादेवीचे संत सेवालाल महाराज. याच भिंतीवर घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे हार घालून लावलेली असतात. श्रद्धा, विचार आणि कुळाची स्मृती या तिन्ही गोष्टी एकाच भिंतीवर एकत्र नांदतात आणि त्या सर्वांना धरून ठेवणारी वस्तू म्हणजे चौकट होय.

असे असूनही चौकट तयार करणाऱ्या व्यवसायाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. वाणिज्य विभागातून किरकोळ विक्रीचे सिद्धान्त शिकविले जातात, परंतु त्यांची उदाहरणे बहुधा मोठ्या शहरांतील भव्य दालनांची असतात. वस्तुतः दहा फूट रुंदीच्या दुकानात, भिंतीवर खिळलेल्या काटकोनी कोपऱ्यांच्या ओळींत, विक्रीशास्त्रातील अनेक मूलभूत प्रश्न प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. ग्राहकाला किती पर्याय दाखवावेत? ते कोणत्या क्रमाने मांडावेत? किंमत कोठे लिहावी? जे डोळ्यांना दिसत नाही ते कसे दाखवावे? या प्रश्नांची चर्चा हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. व्यवसायाचे स्वरूप आणि नमुन्याचे स्थान

कापड, भांडी किंवा धान्य यांच्या दुकानात ग्राहक वस्तू हातात घेऊन, पारखून विकत घेतो. मागणीनुसार चौकट करणाऱ्या दुकानात मात्र खरेदीच्या क्षणी वस्तू अस्तित्वातच नसते. ग्राहक छायाचित्र घेऊन येतो, नमुना निवडतो, आगाऊ रक्कम देतो आणि दोन-चार दिवसांनी तयार तसबीर घेऊन जातो. मधल्या काळात कारागीर पट्टी पंचेचाळीस अंशांत कापतो, गुण्या लावून कोपरे जुळवितो, चुका मारून जोड पक्का करतो, काच कापतो, माउंट बसवितो आणि मागून पुठ्ठा लावून तसबीर बंद करतो. एकदा पट्टी कापली गेली की ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून निवड चुकली तर नुकसान एका पक्षाला सोसावेच लागते आणि बहुतेक वेळा तो पक्ष ग्राहक असतो.

यावरून असे म्हणता येईल की, या व्यवसायात नमुना हाच ग्राहकासमोरचा एकमेव पुरावा आहे. हे नमुने साधारणतः चार प्रकारचे असतात.

(१) पट्टीचा नमुना : सागवान वा अन्य लाकूड, लाकडाच्या भुशापासून केलेला दाबीव फळा आणि पॉलिस्टायरिनसारखे कृत्रिम द्रव्य यांच्या पट्ट्या.
(२) माउंटचा नमुना : चित्र व चौकट यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवणारा रंगीत जाड कागद.
(३) काचेचा नमुना : साधी पारदर्शक काच, चकाकी कमी करणारी खरबरीत काच, अतिनील किरण अडविणारी काच तसेच काचेऐवजी वापरला जाणारा ॲक्रिलिकचा पत्रा.
(४) मागच्या बाजूचा नमुना : पुठ्ठा, हार्डबोर्ड, चिकटपट्टी, कडी व तार.

यांपैकी पहिला प्रकार जवळजवळ प्रत्येक दुकानात मांडलेला असतो. दुसरा काही ठिकाणी असतो. तिसरा क्वचित आढळतो आणि चौथा तर सहसा दाखविलाच जात नाही. तसबिरीचे आयुष्य मात्र प्रामुख्याने याच उलट क्रमाने ठरते. प्रस्तुत विवेचनाचा गाभा या विसंगतीत आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

सर्वसामान्य घरांच्या भिंतींवर चौकटीतील चित्रे येण्याची प्रक्रिया महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगवान झाली. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या चित्रशाळेने देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत शिळाछापाची चित्रे घरोघरी पोचविली. त्यानंतर १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. छापील चित्र स्वस्त झाले, पण उघड्या कागदाला धूर, दमट हवा व कसर यांपासून संरक्षण हवे होते. चौकट आणि काच यांची मागणी त्यातून वाढली. तसबिरीला देवघरात वा दर्शनी भिंतीवर स्थान मिळाले ते या घडामोडींमुळे.

चौकटीच्या दुकानातील मांडणी किती दूरवर परिणाम घडवू शकते याचे मुंबईतील उदाहरण विशेष उल्लेखनीय आहे. केकू गांधी (१९२०–२०१२) यांनी १९४१ मध्ये 'केमोल्ड' हा चौकटींचा व्यवसाय सुरू केला. चौकट विकावयाची तर ती चित्रासह दाखविणे श्रेयस्कर ठरते. गांधी यांनी आपल्या दुकानाच्या दर्शनी भागात त्या काळी फारशा परिचित नसलेल्या तरुण चित्रकारांची चित्रे चौकटींसह मांडण्यास आरंभ केला. त्यांमध्ये १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंधित चित्रकार होते. चौकट पाहावयास आलेल्या ग्राहकाची दृष्टी चित्रावर खिळू लागली आणि कालांतराने त्या दुकानाला कलादालनाचे रूप आले. १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या इमारतीत 'गॅलरी केमोल्ड' सुरू झाली. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात या दालनाचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

वऱ्हाडातील वाचकांसाठी यात आणखी एक आपुलकीचा धागा आहे. प्रोग्रेसिव्ह गटाच्या संस्थापक सदस्यांपैकी हरी अंबादास गाडे यांचा जन्म १९१७ मध्ये अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे झाला, तर सय्यद हैदर रझा यांचे कलाशिक्षण काही काळ नागपुरात झाले. रिकामी चौकट आणि चित्रासह चौकट यांच्या मांडणीत किती अंतर असते, हे केमोल्डच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. रिकामा कोपरा फक्त पट्टी दाखवितो; चित्रासह केलेली मांडणी त्या दोहोंमधील संबंध दाखविते.

४. मांडणीची तत्त्वे

४.१ कोपरा की सरळ तुकडा?
पट्टीचा सरळ तुकडा केवळ रंग व नक्षी दाखवितो. काटकोनात जोडलेला कोपरा मात्र नक्षी कोपऱ्यावर कशी जुळते, छाट किती नेमका आहे आणि जोडात फट राहते का, हेही दाखवितो. म्हणजेच कोपरा हा मालाचा आणि कारागिरीचा असा दुहेरी नमुना आहे. तो ग्राहकाने आणलेल्या चित्राच्या कोपऱ्यावर ठेवून पाहता येतो. त्यामुळे नमुने भिंतीला कायमचे खिळू नयेत. सहज काढता व पुन्हा लावता येतील अशा रीतीने टांगावेत. प्रत्येक भुजेची लांबी किमान पंधरा सेंटिमीटर असावी. फारच आखूड भुजेवर मोठी नक्षी अपुरी दिसते आणि ग्राहकाचा अंदाज चुकतो.

४.२ वर्गीकरण
नमुने आले त्या क्रमाने लावत जाणे ही सर्वांत सोपी, परंतु सर्वांत कमी उपयुक्त पद्धत होय. वर्गीकरणाचे चार आधार संभवतात : द्रव्य, रुंदी, रंग आणि दर. यांपैकी द्रव्य हा मुख्य आधार असावा, कारण लाकूड आणि कृत्रिम पट्टी यांतील भेद रंगाच्या थराखाली झाकला जातो आणि नवख्या ग्राहकाला तो ओळखता येत नाही. प्रत्येक द्रव्याच्या विभागात रुंदीनुसार वरून खाली आणि रंगानुसार डावीकडून उजवीकडे अशी मांडणी केल्यास ग्राहक दोनच प्रश्नांत इष्ट नमुन्यापाशी पोचतो. सर्व सोनेरी पट्ट्या एका ठिकाणी ठेवल्यास सागवानी सोनेरी व कृत्रिम सोनेरी शेजारी-शेजारी येतात आणि त्यांच्या दरातील अंतर अनाकलनीय वाटू लागते. द्रव्यनिहाय मांडणीत हा घोटाळा होत नाही.

४.३ पर्यायांची संख्या
अधिक पर्याय म्हणजे अधिक विक्री, असा समज रूढ आहे. शीना अय्यंगार व मार्क लेपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका दुकानात मुरंब्याचे कधी २४ तर कधी ६ प्रकार चाखण्यासाठी ठेवण्यात आले होते. २४ प्रकारांपाशी ६० टक्के ग्राहक थांबले, तर ६ प्रकारांपाशी ४० टक्के. प्रत्यक्ष खरेदी मात्र थांबलेल्यांपैकी अनुक्रमे ३ टक्के व ३० टक्के ग्राहकांनी केली. या निष्कर्षाचे सरसकट सामान्यीकरण करणे योग्य नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात अशा अनेक प्रयोगांचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य आढळला. २०१५ च्या दुसऱ्या विश्लेषणाने मात्र हा परिणाम कोणत्या परिस्थितीत प्रकर्षाने दिसतो हे स्पष्ट केले. ग्राहकाला आपली पसंती आधीपासून ठाऊक नसेल, पर्यायांची तुलना कठीण असेल आणि निर्णय अवघड असेल, तर पर्यायांची गर्दी बाधक ठरते.

चौकटीच्या दुकानातील ग्राहक नेमका याच परिस्थितीत असतो. तो आयुष्यात मोजक्याच वेळा चौकट करवून घेतो. अनेकदा तो घरातील दुःखद प्रसंगानंतर आलेला असतो आणि दिवस-तेरवीपूर्वी त्याला छायाचित्र हवे असते. दोनशे कोपऱ्यांच्या भिंतीसमोर तो गोंधळतो आणि 'तुम्हीच चांगली लावा' असे म्हणून निर्णय दुकानदारावर सोपवितो. हा विश्वास मोलाचा आहे, परंतु त्यात ग्राहकाची निवड उरत नाही. यावर उपाय म्हणजे सर्व नमुने भिंतीवर ठेवून त्यांतील सहा-आठ निवडक कोपरे टेबलावरील एका फळीवर वेगळे मांडणे. प्रथम ही फळी दाखवावी. समाधान न झाल्यास भिंतीकडे वळावे.

४.४ शेजारील रंगांचा प्रभाव
फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल हे पॅरिस येथील गोबेलाँ या राजकीय विणकामशाळेत रंगविभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली असता, दोष रंगात नसून त्याच्या शेजारील रंगांत आहे, असे त्यांच्या निदर्शनास आले. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा नियम मांडला आणि चित्रांच्या चौकटींच्या निवडीलाही तो लागू केला. एकच करडा माउंट लाल पट्टीजवळ हिरवट आणि निळ्या पट्टीजवळ किंचित पिवळसर भासतो. म्हणून भडक निळ्या किंवा गुलाबी भिंतीवर नमुने लावल्यास प्रत्येक नमुन्याचा रंग बदललेला दिसतो. नमुन्यांमागील भिंत किंवा फळी फिक्या करड्या अथवा मळकट पांढऱ्या रंगाची असावी. दोन नमुन्यांमध्ये निदान चार-पाच सेंटिमीटर अंतर असावे. माउंटचे नमुने एकावर एक रचून न ठेवता पंख्यासारखे उलगडता येतील असे ओवावेत.

४.५ प्रकाश
दोन रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात भिन्न दिसू शकतात. दुकानातील थंड पांढऱ्या नळीच्या उजेडात निवडलेला पिवळसर माउंट घरातील पिवळ्या दिव्याखाली वेगळाच वाटतो. यासाठी निवडीच्या टेबलावर पिवळसर व पांढरा असे दोन्ही प्रकाश देणारे दिवे असावेत आणि अंतिम निर्णयापूर्वी नमुना दारात नेऊन दिवसाच्या उजेडातही दाखवावा. त्याच वेळी नमुन्यांवर थेट ऊन पडू देऊ नये. उन्हाने विटलेला माउंटचा नमुना ग्राहकाला असा रंग दाखवितो, जो गोदामातील नव्या मालात नसतो. असा विटलेला नमुना तत्काळ काढून टाकणे हे दुकानदाराचे कर्तव्य आहे.

५. दराची मांडणी

बहुतेक ग्राहकांचा समज असा असतो की, चौकटीची किंमत चित्राच्या आकारावर अवलंबून असते. हा समज अपुरा आहे. पट्टी तिरकी कापली जात असल्यामुळे प्रत्येक भुजेच्या दोन्ही टोकांना पट्टीच्या रुंदीएवढी लांबी अधिक लागते. चार भुजांचा विचार करता चित्राच्या परिमितीत पट्टीच्या रुंदीची आठपट मिळवावी लागते. (चित्राची कड खाचेत बसते तेवढी किंचित वजावट येथे सोयीसाठी सोडून दिली आहे.)

उदाहरणार्थ, ३० × ४५ सेंटिमीटरच्या छायाचित्राची परिमिती १५० सेंटिमीटर होते. दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी निवडल्यास १६२ सेंटिमीटर पट्टी लागते, तर पाच सेंटिमीटर रुंदीची निवडल्यास १९० सेंटिमीटर. म्हणजे रुंद पट्टीचा दर अधिक असतोच, शिवाय ती सुमारे १७ टक्के जास्त लागते. आता याच छायाचित्राभोवती पाच सेंटिमीटरचा माउंट घेतल्यास आकार ४० × ५५ होतो. पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी २३० सेंटिमीटर लागते आणि काचेचे क्षेत्रफळ १,३५० वरून २,२०० चौरस सेंटिमीटरवर जाते, म्हणजेच सुमारे ६३ टक्क्यांनी वाढते. माउंटचा कागद स्वस्त असला तरी त्याच्यामुळे येणारा खर्च लहान नसतो.

ही आकडेमोड ग्राहकाला तोंडी समजावणे कठीण आहे. मांडणीतून मात्र ती सहज समजते. एकाच छायाचित्राच्या तीन तयार तसबिरी – अरुंद पट्टीची, रुंद पट्टीची आणि माउंटसह रुंद पट्टीची – शेजारी-शेजारी टांगून प्रत्येकीखाली पूर्ण किंमत लिहिल्यास ग्राहकाला आपला खर्च कोठे वाढतो हे लक्षात येते. प्रत्येक कोपऱ्याच्या मागे सांकेतिक क्रमांक लिहिण्याची प्रथा आहे. हा क्रमांक दुकानदाराच्या सोयीचा आहे. त्याच्याजवळ द्रव्याचे नाव व दर लिहिला गेला पाहिजे, कारण ग्राहकाला त्याचीच गरज असते.

६. न दाखविले जाणारे नमुने

तसबीर भिंतीवर लागल्यानंतर दिसणारा भाग म्हणजे पट्टी, काच व माउंट. छायाचित्राचे रक्षण किंवा नाश मात्र बव्हंशी आतल्या न दिसणाऱ्या भागात घडतो. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण म्हणजे आम्लयुक्त पुठ्ठा. स्वस्त पुठ्ठ्यात व माउंटमध्ये लाकडाच्या लगद्यातील लिग्निन शिल्लक असते. काळाच्या ओघात त्यातून आम्ल तयार होते आणि छायाचित्राच्या कागदाला पिवळे-तपकिरी डाग पडतात. माउंटच्या कापलेल्या तिरक्या कडेचा पांढरा रंग तपकिरी होऊ लागला की, हा दोष बाहेरूनही ओळखता येतो.

दुसरे कारण म्हणजे काचेचा थेट स्पर्श. रासायनिक प्रक्रियेने छापलेल्या जुन्या छायाचित्रांवर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यातील दमट हवेत तो मऊ होऊन काचेला चिकटतो. पुढे काच काढावयास जाता चेहऱ्याचा भागच काचेबरोबर सुटून येतो. माउंटमुळे काच व छायाचित्र यांच्यामध्ये हवेची पोकळी राहते. म्हणून माउंटला केवळ शोभेची वस्तू समजणे चुकीचे आहे.

तिसरे कारण म्हणजे प्रकाश. साधी काच अतिनील किरणांचा काही अंशच अडविते. दृश्य प्रकाशानेही रंग विटतात. संग्रहालयांत नाजूक कागदी वस्तूंसाठी ५० लक्स एवढा मंद प्रकाश ठेवण्याचा संकेत आहे. घरात तो पाळणे अशक्य आहे, परंतु खिडकीसमोरची भिंत टाळणे शक्य आहे.

चौथे कारण म्हणजे ओल व कीटक. मागची बाजू नीट बंद न केल्यास कसर व धूळ आत शिरते आणि भिंतीला घट्ट टेकलेल्या तसबिरीत ओल उतरते. खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे वा रबराचे छोटे तुकडे चिकटविले तर मागे हवा खेळती राहते. यासाठी येणारा खर्च नगण्य असतो.

या बाबी मांडणीतून कशा दाखवाव्यात? यासाठी 'उभा छेद' हा नमुना उपयुक्त ठरेल. तयार तसबिरीचा एक कोपरा कापून त्यातील थर – पट्टी, काच, माउंट, छायाचित्र, आम्लरहित कागद, मागचा पुठ्ठा, चिकटपट्टी – बाजूने स्पष्ट दिसतील असा ठेवावा. त्याच्या शेजारी पिवळा पडलेला जुना माउंट आणि काचेला चिकटलेले एखादे निरुपयोगी छायाचित्र ठेवावे. दुकानात दुरुस्तीसाठी येणाऱ्या टाकाऊ तसबिरींतून हे साहित्य विनामूल्य उपलब्ध होऊ शकते. मात्र त्यात कोणाचाही चेहरा ओळखू येणार नाही याची काळजी घेतली पाहिजे.

या प्रश्नाचे गांभीर्य ग्रामीण भागात अधिक आहे. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पिढीतील अनेकांच्या आई-वडिलांचे एकच छायाचित्र उपलब्ध असते आणि तेही कधी जत्रेत, कधी लग्नाच्या मांडवात काढलेले. निगेटिव्ह केव्हाच नाहीशी झालेली असते. अशा वेळी मूळ छायाचित्र चौकटीत घालण्याऐवजी त्याची प्रत काढून ती चौकटीत बसवावी आणि मूळ प्रत आम्लरहित पाकिटात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी, हा सल्ला दुकानदाराने आवर्जून द्यावयास हवा. मूळ छायाचित्राचे दर्शन नष्ट झाले तर ते कोणत्याही किमतीत परत मिळत नाही. 'मूळ फोटो जपून ठेवा, प्रत चौकटीत लावा' अशी एक ओळीची पाटी निवडीच्या टेबलावर असणे ही मांडणीतील सर्वांत मोलाची गोष्ट ठरू शकेल.

७. कायदेशीर बाजू

नमुन्याच्या आधारे होणाऱ्या विक्रीची दखल भारतीय कायद्याने फार पूर्वी घेतलेली आहे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १७ नुसार नमुन्यावरून विक्री होते तेव्हा तीन अटी गृहीत धरल्या जातात : संपूर्ण माल गुणवत्तेत नमुन्याशी जुळला पाहिजे, खरेदीदाराला माल नमुन्याशी ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, आणि नमुन्याच्या वाजवी तपासणीत न दिसणारा, माल अविक्रेय ठरविणारा दोष त्यात असता कामा नये. कलम १६ नुसार खरेदीदाराने आपला विशिष्ट हेतू सांगितला आणि तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला, तर त्या प्रकारचा माल पुरविणे हा ज्याचा व्यवसाय आहे अशा विक्रेत्याचा माल त्या हेतूस वाजवीपणे योग्य असणे अपेक्षित असते.

मागणीनुसार केलेल्या चौकटीत माल व मजुरी दोन्ही मिसळलेली असल्याने तिला निव्वळ विक्री म्हणावे की काम, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. तथापि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा वस्तू व सेवा या दोहोंना लागू असून तो १९८६ च्या जुन्या अधिनियमाच्या जागी आला आहे. त्यानुसार सामान्यतः तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दराबाबतही कायद्याचे एक बंधन आहे. पट्टीचा दर 'रनिंग फुटा'ने सांगण्याची पद्धत बाजारात रूढ आहे. परंतु वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार व्यापारातील दर मेट्रिक परिमाणातच दर्शविले पाहिजेत. म्हणून नमुन्यावरील दर मीटरमध्ये लिहिणे योग्य होय.

व्यवहारात यासाठी एक साधी पद्धत पुरेशी आहे. पावतीवर नमुन्याचा क्रमांक, द्रव्य, काचेचा व मागच्या पुठ्ठ्याचा प्रकार लिहावा आणि तसबीर नेताना ग्राहकासमोर ती नमुन्याच्या कोपऱ्याशी ताडून दाखवावी. त्यामुळे कलम १७ मधील दुसरी अट सहजच पूर्ण होते आणि नंतरच्या वादाला जागा उरत नाही.

८. लहान दुकानासाठी व्यवहार्य आराखडा

धनजसारख्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या दुकानात जागा व भांडवल दोन्ही मर्यादित असतात. रस्त्याची धूळ, पावसाळ्यातील ओल, वाळवी आणि अनियमित वीजपुरवठा या अडचणी वेगळ्याच. त्या लक्षात घेऊन पुढील आराखडा सुचवावासा वाटतो.

(१) दर्शनी भागात चित्रासह चार-पाच तयार तसबिरी असाव्यात. त्यांत स्थानिक लोकांच्या श्रद्धेच्या व आदराच्या सर्व प्रतिमांना समान स्थान असावे. कोणत्याही समाजातील ग्राहकाला आपण या दुकानात परके आहोत, असे वाटू नये.
(२) एका बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे ७५ ते १८० सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्यात, द्रव्यनिहाय कोपरे टांगावेत. त्याहून वर लावलेला नमुना ग्राहकाच्या हाताला लागत नाही आणि वृद्ध ग्राहकाला दिसतही नाही.
(३) निवडीचे टेबल दाराजवळ, दिवसाचा उजेड मिळेल असे ठेवावे. त्यावर निवडक कोपऱ्यांची फळी, माउंटचे नमुने आणि उभा छेद असावा.
(४) काम करण्याची जागा व नमुन्यांची भिंत यांच्यामध्ये आडोसा असावा. करवतीचा भुसा नमुन्यांवर बसल्यास सोनेरी पट्ट्या निस्तेज दिसतात.
(५) ज्या पट्टीचा पुरवठा बंद झाला तिचा कोपरा त्याच दिवशी काढावा. न मिळणारा नमुना भिंतीवर ठेवणे म्हणजे ग्राहकाची निराशा ओढवून घेणे होय.
(६) दर तीन महिन्यांनी नमुने पुसावेत आणि विटलेले नमुने बदलावेत.

यांतील बहुतेक सूचनांना पैशापेक्षा शिस्तीची अधिक आवश्यकता आहे, ही बाब येथे नमूद करावीशी वाटते.

९. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये कौशल्यशिक्षण व प्रत्यक्ष कार्यानुभव यांवर भर देण्यात आला आहे. ग्रामीण महाविद्यालयांना त्यासाठी योग्य आस्थापना मिळत नाहीत, अशी अडचण सांगितली जाते. चौकटीचे एखादे लहान दुकान या दृष्टीने उपयुक्त ठरू शकेल. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तेथे परिव्ययगणना व नमुन्यावरून होणारी विक्री अभ्यासता येईल, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुठ्ठ्यातील आम्लता तपासता येईल आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला कुटुंबांच्या छायाचित्रांची नोंद घेता येईल. अशा छायाचित्रांची संबंधितांच्या संमतीने प्रत काढून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन केल्यास गावाच्या सामाजिक इतिहासाचे मोठे साधन तयार होईल. महाविद्यालयांच्या सभागृहांतून लावलेल्या संस्थापकांच्या व माजी प्राचार्यांच्या तसबिरी या दृष्टीने एकदा तपासून पाहाव्यात. त्यांतील किती छायाचित्रे काचेला चिकटली आहेत, हे पाहिल्यावर या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

१०. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. मागणीनुसार चौकट करणाऱ्या व्यवसायात नमुना हा वस्तूचा पूर्वपुरावा असतो. म्हणून त्याची मांडणी प्रामाणिक असणे ही विक्रेत्याची प्राथमिक जबाबदारी आहे. द्रव्यनिहाय वर्गीकरण, मर्यादित प्राथमिक पर्याय, तटस्थ पार्श्वभूमी, दुहेरी प्रकाश आणि मीटरमधील स्पष्ट दर ही चांगल्या मांडणीची मुख्य लक्षणे होत. मांडणी दिसणाऱ्या पट्टीपुरती मर्यादित न ठेवता न दिसणाऱ्या पुठ्ठ्यापर्यंत व काचेपर्यंत नेली, तरच ती ग्राहकहिताची ठरते.

ग्राहक दुकानात पट्टी विकत घेण्यासाठी येत नाही. आपल्या आईचा, वडिलांचा वा श्रद्धास्थानाचा चेहरा पुढच्या पिढीला दिसावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. भिंतीवरील नमुन्यांची मांडणी त्या अपेक्षेशी जितकी इमान राखेल, तितका हा व्यवसाय गावाच्या विश्वासास पात्र ठरेल.